आधी माझा घास

माझी नातसून कुत्र्यासाठी वेगळा स्वयंपाक करते. रात्रीचा उरलेला भात, गाजर, दुधी, एखादं उकडलेलं अंडं, सगळं एका पातेल्यात, बिनमिठाचं. मोबाईलवर बघून करते आणि काट्यावर तोलून वाढते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हसू आवरेना. ती बिचारी लाजली आणि म्हणाली, "आजी, तुमच्या वेळी कुत्र्यांना काय घालायचे हो?" मी म्हटलं, "काय घालणार, उष्टं." गावाच्या हिशेबानं ते खरंच होतं. माझ्यापुरतं मात्र ते खोटं होतं. एवढ्या वयात एवढ्याशा गोष्टीसाठी खोटं बोलायची काय गरज होती, असं दुपारभर मनात येत राहिलं, म्हणून हे लिहायला घेतलंय. चौथी शिकलेल्या बाईचं लिहिणं आहे, काना-मात्रा इकडेतिकडे झाली तर सांभाळून घ्या.

आमचं घर मुळशीच्या पाण्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी होतं. खालची चांगली भातखाचरं माझ्या जन्माआधीच धरणाच्या पाण्यात गेली होती. वर राहिला तो उतार, त्यावर नाचणी, वरई, हरीक, आणि ओढ्याच्या कडेला भाताची चार खाचरं. घरात आम्ही चौघं. आबा, म्हणजे माझे वडील, दसरा झाला की कोळशाच्या भट्टीवर जायचे. भट्टी पेटली की तिच्यापासून हलता येत नाही, म्हणून महिना महिना खाली उतरायचे नाहीत. मग घरात आई, मी आणि चार वर्षांची सकू. मी तेव्हा अकरा-बारा वर्षांची असेन. पहाटे आईच्या जात्याची घरघर, मग उखळातला मुसळाचा ठोका, आणि दोन ठोक्यांच्या मधे खालून पाण्याचा थपथप आवाज, असं सगळं अंथरुणात पडल्या पडल्या ऐकू यायचं. कांडण थांबलं की मला कळायचं, आता आई हाक मारणार.

बुध्या आमच्याकडे बुधवारी आला म्हणून बुध्या. आई गवताचा भारा घेऊन येत होती, तिच्या मागोमाग एक तांबूस पिल्लू चालत आलं आणि दारात बसलं. आई म्हणाली, "हौसे, त्याला घास घालू नगंस. घातलास की ते जायाचं न्हाई बघ." आईची पाठ वळायचा अवकाश, मी घातला. आईचं म्हणणं शब्दन् शब्द खरं झालं.

दुपारी आई रानात असायची, चूल आणि सकू माझ्या ताब्यात. सकाळचं काय काय उरलेलं असायचं. भाकरीचे वाळके तुकडे, तपेलीच्या तळाला धरलेली खरपूड, अर्धी वाटी पेज, कधी सुकटीची डोकी, कधी खेकड्याचे नांगे. ते सगळं मी एका चेपलेल्या जर्मनच्या पातेल्यात टाकायची, लसणाची एक पाकळी ठेचून घालायची, पाण्याचा हबका मारायची आणि निखाऱ्यावर रटरटू द्यायची. खरपूड मऊ होऊन भाकरीत मुरली की जो वास सुटायचा, तो मी पुढं लग्नाच्या पंगतींतही घेतला नाही. त्याला मी कुस्करा म्हणायची. सकू तिचा वाटा घेऊन उंबऱ्यावर बसायची आणि मी नि बुध्या मागच्या दारी. एका थाळीत मधे बोटानं रेघ ओढायची, इकडचं माझं, तिकडचं त्याचं.

पहिल्याच दिवशी बुध्यानं गरम कुस्कऱ्यात तोंड घातलं आणि जीभ भाजून केकाटत गोठ्यात पळाला. मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून मी आधी स्वतः एक घास खायची, गिळायची आणि मग म्हणायची, "खा." चार दिवसांत तो हे शिकला. समोर काहीही ठेवा, तो बसून माझ्या तोंडाकडे बघायचा. माझा घास गळ्याखाली गेला की मगच थाळीला तोंड लावायचा. पुढं पुढं तर दुसऱ्या कुणाच्या हातचं खाईनासा झाला. शेजारच्या ठकूमावशीनं एकदा त्याला मुद्दाम मासळीचं डोकं टाकलं, तर ते हुंगून माझ्याकडे बघत बसला. मावशी म्हणाली, "आगं हे कुत्रं हाय का सोवळ्यातला भट?" मला काय चढलं होतं म्हणून सांगू. सगळ्या वाडीत मी सांगत फिरायची की आमचा बुध्या माझ्या घासाशिवाय खात नाही. आईला हे काही पसंत नव्हतं. "कुत्र्याच्या थाळीत जेवतीस. उद्या सासरचं इचारतील, पोरीला काय काय येतं? सांगीन, कुत्र्याचा सैपाक लई चांगला येतो." असं म्हणायची, पण सुकटीची डोकी मात्र न विसरता वेगळी काढून ठेवायची.

त्या वर्षी पाऊस जायचं नावच घेईना. दिवाळी सरली तरी रोज दुपारून यायचा. खाचरातलं भात आडवं झालं, कापायची सोय नाही. कणगीत हात घातला की बोटं तळाला लागायची. आबा भट्टीवर, निरोप धाडायला माणूस नाही. पेज दिवसागणिक पातळ होत गेली, मग नुसत्या भाजीच्या पाल्यावर आलो. सकू आधीच काडी, ती दिवसभर आईच्या पदराला धरून कुरकुरायची. ठकूमावशीचं घर वीस पावलांवर. पण आईचं एक ठरलेलं होतं, दुसऱ्याच्या दारात रिकामं पातेलं घेऊन जायचं नाही. आबांच्या माघारी तर मुळीच नाही. "घरचा माणूस हितं न्हाई, लोकं म्हणतील बायकुला उपाशी टाकून गेला," एवढं एकच कारण. ते कारण तेव्हा मलाही मोठं वाटायचं.

घरात होता तो हरीक. हल्लीच्या लोकांना हरीक माहीत नाही. बारीक काळपट दाणा, कांडून कांडून हात भरून येतात तेव्हा कुठं कवच सुटतं. भात करून खायचा. पण नवा हरीक खायचा नाही, वर्षभर ठेवायचा, मग खायचा, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक. नवा हरीक चढतो. त्यातून पेंढ्या पावसात भिजल्या असतील तर विचारूच नका. माणूस झिंगतो, हातपाय कापतात, ओकाऱ्या होतात, आणि अंगात बळ नसलेलं पोर असलं तर दगावतं. जुना हरीक आम्ही श्रावणातच संपवला होता. उरला होता तो नवा, खळ्यावर आठ दिवस भिजलेला. घरात दुसरं काही नसेल आणि नवा हरीक खायचीच वेळ आली, तर बायका तो रात्रभर शेण कालवलेल्या पाण्यात भिजवत, तीन पाण्यांनी धुवत, शिजवत, आणि पहिला गोळा कुत्र्याला घालत. कुत्रं दिवस मावळेपर्यंत धड राहिलं तर माणसं खायची. यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. कुत्रं पाळायचं ते त्यासाठीही, असंच समजत.

आईनं तसंच केलं. सकाळी हरकाचा भात शिजला. एक गोळा थाळीत काढून ती म्हणाली, "हौसे, हे बुध्याला घाल. तू त्वांडाला लावायचं न्हाई. दिस मावळेस्तवर बघू, त्याला काय न्हाई झालं तर आपुन खाऊ."

मी थाळी मागच्या दारी ठेवली. बुध्या आला, बसला आणि माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "खा." तो बसूनच. आईनं चुचकारलं, मग दटावलं, थाळी त्याच्या नाकाशी नेली. त्यानं मान फिरवली आणि परत माझ्या तोंडाकडे बघत राहिला. पोट त्याचंही खपाटीला गेलं होतं, बरगड्या मोजता येत होत्या, लाळ गळत होती, पण हालेना. चुलीवरून भाताचा वास येत होता. सकू आत "भात दे, भात दे" म्हणून रडत होती. मलाही कडकडून भूक लागली होती, हेही लिहिलं पाहिजे. ते सोडून बाकीचं लिहिलं तर मी उगाच साधी भोळी दिसेन.

बऱ्याच वेळानं आई उठली. म्हणाली, "ऱ्हाऊ दे त्याला. मीच खाते वाईच. मला काय झालं तर ठकूमावशीला हाक मार, आन् सकूला सोडू नगंस." इतकं सरळ म्हणाली, जसं दूध उतू गेलं तर खाली काढ म्हणावं तसं. आणि हातपाय धुवायला ओढ्यावर गेली.

ती येईपर्यंतच काय तो वेळ माझ्या हातात होता. आईचं काही झालं तर, एवढंच माझ्या डोक्यात घुमत होतं. मी थाळीसमोर बसले. मधे बोटानं रेघ ओढली. माझ्या बाजूचा एक घास उचलून तोंडात घातला, गालात सरकवला, दोनचारदा जबडा हलवला आणि नुसता आवंढा गिळला. मग म्हटलं, "खा." बुध्याची शेपटी हलली. त्यानं त्याची बाजू खाल्ली, आणि मी माझी बाजू पुढं सरकवल्यावर तीही खाल्ली, थाळी चाटून लख्ख केली. मी तोंड फिरवून गालातला घास राखेत थुंकला आणि चूळ भरली. चूळ भरताना वळून बघितलं तर तो माझ्याकडेच बघत होता.

आई आली तेव्हा थाळी रिकामी होती. "खाल्लं? कसं काय?"

"भूक लागली असंल," मी म्हटलं.

दुपार कलायच्या आत बुध्याचे मागचे पाय गेले. उठायचा आणि पडायचा. सगळं अंग थडथडायला लागलं, तोंडाला फेस आला, ओकला, परत पडला. आणि तसा सरपटत सरपटत आला तो माझ्यापाशीच. दुसरीकडे कुठं जाणार? त्यानं डोकं माझ्या मांडीवर टाकलं. मी मोठ्यानं रडायला लागले तशी ठकूमावशी धावत आली. तिला काही सांगावं लागलं नाही, चुलीवरचं तपेलं बघूनच ती समजली. घरी जाऊन ताकाचं मडकं घेऊन आली, परसातल्या पेरूची पानं वाटून त्यात पिळली आणि आम्ही तिघींनी मिळून बुध्याचा जबडा उघडून ते घोट घोट घातलं. आईनं हरकाचं तपेलं उचललं, लांब नेऊन खड्ड्यात पुरलं आणि सकूला घट्ट धरून बसली.

मावशी आईला म्हणाली, "तांदूळ सरला तर मागायचं न्हाई व्हय गं? माझ्याकडं पायलीभर पडल्यात. का मी परकी हाय?" वीस पावलं होती. आई गेली नाही तर मी जायची होती, मला कुणी बांधून ठेवलं नव्हतं. ओढ्याकडे वळायच्या ऐवजी आई मावशीकडे वळली असती, किंवा मी सकूला कडेवर घेऊन मावशीच्या दारात नुसती उभी राहिले असते, तरी भागलं असतं. पुढच्या आयुष्यात मी कुणाकडेही काही मागायला लाजले नाही. सून म्हणते, आईंना काही संकोचच नाही. तिला काय माहीत.

आईनं त्याच दिवशी खंडोबाला बोलून ठेवलं, बुध्या उठला तर चंपाषष्ठीला पहिलं पान त्याचं. चौथ्या दिवशी बुध्या उठला. मावशीच्या तांदळाचा भात मी त्याच्यासमोर ठेवला, आधी माझा घास खाल्ला, या वेळी खराखुरा, आणि म्हटलं, "खा." तो बसून राहिला. मी दुसरा घास खाल्ला, तिसरा खाल्ला. तो उठला, लटपटत जवळ आला आणि माझं तोंड हुंगायला लागला. मी आ केला. त्यानं आत नाक घालावं तसं हुंगलं, मग मागं फिरला आणि खाल्लं. त्या दिवसापासून आमचं जेवण असंच. गिळायचं, तोंड उघडून दाखवायचं, मग तो खाणार. शहाणी माणसं म्हणतील कुत्र्याला इतकं कळत नसतं, आजारातून उठलं की ते असं करतं. असेल. आई आसपास नसेल असं बघूनच मी त्याला घालायची, कुणाला काही सांगितलं नाही.

चंपाषष्ठीपर्यंत पाऊस गेला होता, भात मळून घरात आलं होतं आणि आबा भट्टीवरून उतरले होते. आईनं नवस धूमधडाक्यानं केला. वांग्याचं भरीत, रोडगे, पातीचा कांदा. वाडीतली पाचसहा घरं जमली, तळी भरली, भंडारा उधळला. देवाला नैवेद्य दाखवून झाला आणि आईनं अंगणात केळीचं पान मांडून बुध्याला वाढलं. कुत्र्यानं तोंड लावल्याशिवाय माणसांनी जेवायचं नाही अशी रीत. पंगत बसलेली, पोरं रोडग्याकडे बघतायत. बुध्या आला, पानासमोर बसला आणि गर्दीत मला शोधायला लागला. मी दिसले तसा माझ्या तोंडाकडे बघत बसला.

"खा की रं बाबा," आई म्हणाली. तो हालेना. आबा वैतागले, "द्येवाचं बी नगं व्हय याला?" कुणीतरी मागून पुटपुटलं की नवस देवाला पोचला नाही. आईचा चेहरा उतरला. तिनं हात जोडले. तिला खरंच वाटलं की देव रुसला, आणि तिनं बुध्याला हरीक घातला म्हणून रुसला. तिचं ते तोंड मला बघवेना. मी पुढं झाले, पानावरचा रोडगा मोडला, भरीत लावलं आणि खाल्लं. सगळ्यांच्या देखत नैवेद्याचं पान उष्टं केलं. आबांनी हात उगारला. मी गिळलं आणि आ केला. बुध्या जवळ आला, त्यानं हुंगलं, मागं फिरला आणि खायला लागला.

आईनं आबांचा हात वरच्या वर धरला होता. ती माझ्याकडे बघत होती, मग बुध्याकडे, मग परत माझ्याकडे. पंगत जेवायला लागली. ठकूमावशी म्हणाली, "पोरगं आन् कुत्रं द्येवाला सारखंच," आणि विषय मिटला.

तिसऱ्या प्रहरी आम्ही दोघी ओढ्यावर भांडी घासत होतो. आई म्हणाली, "त्या दिशी तू घास गिळलाच न्हाईस."

"न्हाई."

"मला सांगायचं व्हतंस."

"तू खाल्ला असतास."

आईनं तपेलं विसळून पालथं घातलं. मग म्हणाली, "खाल्ला असता." आणि पुढचं भांडं ओढत, "माझ्यापायी केलंस ते मला कळलं. त्याला कुटं ठावं?"

या वाक्यावर मी साठ वर्षं विचार करतेय. आईला वाचवलं म्हणून मला कुणी नावं ठेवणार नाही, मीही ठेवत नाही. कुत्र्याला विष घातलं असं म्हणावं तर ती सगळ्या वाडीची रीत होती. पण त्यानं नाही म्हटलं होतं. भुकेनं लाळ गळत असताना तो नाही म्हणाला होता, आणि माझ्या गिळण्यावर भरवसा ठेवून हो म्हणाला. तो भरवसा मीच त्याला लावला होता आणि त्याचा बडेजाव गावभर मिरवला होता. मला त्याचं वाईट वाटतं, अजून वाटतं.

सोळाव्या वर्षी माझं लग्न घोटावड्याला झालं. लग्नाच्या दिवशी नवरीचा उपास. बुध्या सकाळपासून मांडवाच्या कडेला बसून होता. त्याच्यासमोर कुणीतरी बुंदीचा लाडू ठेवला होता, मुंग्या लागल्या तरी तो तसाच. मला घास खाता येत नव्हता. अक्षता पडल्यावर मी जेवले ते नवऱ्याशेजारी पंगतीत बसून, भोवती बायकांचा गराडा. नवरी उठून मागच्या दारी कशी जाणार? बैलगाडी निघाली तेव्हा तो ओढ्यापर्यंत मागं आला आणि तिथं थांबला. सासरी पहिले आठ दिवस प्रत्येक घासाला मला वाटायचं, तो काय खात असेल. विचारायची सोय नव्हती. कुत्र्यासाठी रडते म्हटल्यावर हसले असते.

पहिल्या पंचमीला माहेरी आले. पुढचं दार लोटलेलं होतं म्हणून घराला वळसा घालून मागं गेले. आई मागच्या दारी मांडी घालून बसली होती. तिच्या पुढ्यात तीच थाळी, मधे रेघ ओढलेली, आणि रेघेच्या पलीकडे बुध्या. तोंडाशी पांढरा झालेला, कान पडलेले. आईनं एक घास खाल्ला, सावकाश गिळला, आणि माझी आई, जी म्हणायची कुत्र्याच्या थाळीत जेवतीस, तिनं त्याच्यासमोर आ केला.

तिला मी दिसले. लाजली नाही, उठली नाही. जरा बाजूला सरकून म्हणाली, "आलीस? ये, बस. आज तू दाव."